वैमानिकाचा परवाना : पात्रता, प्रशिक्षण आणि प्रमाणीकरण

१० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत जे. आर. डी. टाटा यांना भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्या काळी विमानचालन हा मोजक्या हौशी मंडळींचा छंद होता. आज एकाच विमानातून दीडदोनशे प्रवासी प्रवास करतात आणि त्यांपैकी कोणालाही वैमानिकाची पात्रता स्वतः तपासता येत नाही. ही तपासणी प्रवाशांच्या वतीने शासन करते. वैमानिकाचा परवाना हे या तपासणीचे फलित होय.

कायदेशीर चौकट

परवान्यांचे किमान निकष आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना ठरवते. भारतात त्यांची अंमलबजावणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. पूर्वी दूरसंचार विभागाकडे असलेली रेडिओ संभाषण प्रमाणपत्राची परीक्षाही या अधिनियमाने महासंचालनालयाकडे सोपवली.

परवान्यांच्या पायऱ्या

पहिली पायरी विद्यार्थी वैमानिक परवान्याची असून त्यासाठी किमान वय १६ वर्षे आणि दहावी उत्तीर्ण ही पात्रता आहे. खासगी वैमानिक परवाना १७ व्या वर्षी व किमान ४० तासांच्या उड्डाणानंतर मिळू शकतो. मात्र त्याच्या आधारे मोबदला घेऊन विमान चालवता येत नाही.

उपजीविकेसाठी व्यावसायिक वैमानिक परवाना आवश्यक असतो. त्यासाठी वय किमान १८ वर्षे आणि उड्डाणाचा अनुभव २०० तासांचा असावा लागतो. यांपैकी १०० तास विमानाची संपूर्ण जबाबदारी उमेदवाराकडे असते. दूरच्या विमानतळांपर्यंतची उड्डाणे, रात्रीची उड्डाणे आणि बाहेरचे दृश्य न पाहता केवळ उपकरणांच्या साहाय्याने केलेली उड्डाणे यांचे किमान तासही ठरलेले आहेत. हवाई नियम, हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान या विषयांच्या लेखी परीक्षांत ७० टक्के गुण मिळवावे लागतात.

बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय असण्याची अट १९९० च्या दशकापासून आहे. ती शिथिल करण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये चर्चेत आला. त्यामुळे प्रवेशापूर्वी चालू नियम पाहून घेणे हिताचे ठरते.

सर्वांत वरची पायरी विमान कंपनी वाहतूक वैमानिक परवान्याची. त्यासाठी किमान वय २१ वर्षे आणि अनुभव १,५०० तासांचा लागतो. प्रवासी विमानाचा कप्तान होण्यासाठी हा परवाना अनिवार्य आहे.

वैद्यकीय पात्रता आणि खर्च

व्यावसायिक परवान्यासाठी प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे. दृष्टी, रंगओळख, श्रवणशक्ती आणि हृदयाचे आरोग्य यांची त्यात कसून परीक्षा होते. प्रशिक्षणाचा खर्च काही दशलक्ष रुपयांच्या घरात जातो आणि अनेक कुटुंबे त्यासाठी कर्ज काढतात. म्हणूनच शुल्क भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र सरकारच्या अखत्यारीतील प्रमुख संस्था आहे. महाराष्ट्रात गोंदियाजवळील बिरसी येथेही वैमानिक प्रशिक्षण दिले जाते.

भाषेची परीक्षा कशासाठी?

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे सौदी अरेबिया व कझाकस्तान यांची दोन विमाने आकाशात एकमेकांवर आदळून ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फूट उंचीच्या खाली आले होते. कर्मचाऱ्यांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान हेही एक कारण असल्याचे चौकशीत आढळले. पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर इंग्रजी संभाषणाच्या सहा पातळ्या निश्चित झाल्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी त्यांपैकी किमान चौथी पातळी गाठावी लागते.

परवान्यानंतर

व्यावसायिक परवाना हाती आला म्हणजे कोणतेही विमान चालवता येते असे नाही. ज्या प्रकारचे प्रवासी विमान चालवायचे, त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. व्यावसायिक परवान्याची मुदत २०२३ मध्ये पाच वर्षांवरून दहा वर्षे करण्यात आली. तथापि ठरावीक काळाने होणारी वैद्यकीय तपासणी आणि कौशल्य चाचण्या यांतून सूट नाही.

या काटेकोरपणामागील कारण २०११ मध्ये स्पष्ट झाले. गोव्यातील एका सदोष अवतरणानंतर चौकशी झाली असता, संबंधित वैमानिकाने परवान्यासाठी बनावट गुणपत्रिका सादर केल्याचे उघड झाले. त्यानंतर देशभरातील परवान्यांची छाननी करण्यात आली आणि आणखी काही प्रकरणे समोर आली. प्रवासी ज्या कागदावर विसंबून विमानात पाऊल ठेवतो, त्यामागील प्रत्येक गुण आणि प्रत्येक उड्डाण तास खरा असणे, हाच संपूर्ण परवाना पद्धतीचा पाया आहे.