गोठ्यातली वही

विरजलेले दूध सकाळपर्यंत दही झाले नाही, की आपण थंडीला किंवा विरजणाला दोष देतो. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. परंतु क्वचित त्याचे कारण कित्येक कोस दूरच्या गोठ्यात असते. गायीला कासदाह झालेला असतो, कासेत प्रतिजैविक सोडलेले असते आणि दुधात उतरलेला त्याचा अंश दही लावणाऱ्या जिवाणूंनाच वाढू देत नाही.

शहरी ग्राहकाच्या मनात दुधाची भीती म्हटली, की भेसळ येते. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा आरोग्यास घातक अशी भेसळ १२ नमुन्यांत आढळली. प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक होते ७७ नमुन्यांत, तर अफलाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष ३६८ नमुन्यांत. (कमी स्निग्धांशासारख्या गुणवत्तेच्या तक्रारी निराळ्या.) हे दोन्ही दोष कोणी दुधात मिसळत नाही, ते जनावराच्या शरीरातून येतात. उकळल्याने विष नाहीसे होत नाही आणि प्रतिजैविकांचे अंशही बव्हंशी टिकून राहतात. म्हणजे स्वयंपाकघरात पोहोचल्यावर उपाय उरत नाही. तो करायचा, तर धार काढण्यापूर्वीच.

औषधाबाबतचा नियम साधा आहे. शेवटची मात्रा दिल्यानंतर ठरावीक काळ त्या जनावराचे दूध विकायचे नाही. हा काळ औषधाच्या वेष्टनावर छापणे २०१२ पासून बंधनकारक आहे. तो दिलेला नसेल, तर दूध व अंडी यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस धरावेत, असे औषधविषयक नियम सांगतात. चूक होते ती मोजणीत. सोमवारी उपचार सुरू झाले, बुधवारी संपले, तर दिवस बुधवारपासून मोजायचे. गाय मंगळवारीच बरी दिसू लागली, तरीही. चार गायी, दोन धारा काढणारे आणि घरात लगीनघाई असेल, तर कोणाच्या लक्षात राहणार?

म्हणून वही. तारीख, गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, आजार, औषध व मात्रा, शेवटची मात्रा कधी दिली आणि दूध केंद्रावर कोणत्या दिवसापासून घालायचे, एवढे रकाने पुरतात. शेवटचा रकाना उपचाराच्या वेळीच पशुवैद्यकाकडून भरून घ्यावा. त्या गायीच्या पायाला रंगीत पट्टी बांधली, तर वही न वाचणाऱ्यालाही समजते. तिची धार शेवटी आणि वेगळ्या भांड्यात काढायची. शहरात आपण दुधाचे खाडे दिनदर्शिकेवर लिहितोच. हाही एका अर्थी खाडाच.

बुरशीच्या विषाची वाट वेगळी. पावसाळ्यात ओल लागलेली सरकी किंवा भुईमुगाची पेंड आणि मका यांत बुरशी वाढते, तिचे विष जनावराच्या पोटात जाते आणि त्याचा काही भाग एम-१ या रूपाने दुधात उतरतो. दुधात त्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. पोते कधी व कोणाकडून आणले, कधी फोडले, याची नोंद असेल, तर दोष कोणत्या पोत्यात होता ते शोधता येते. पोती फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावीत हे खरेच. पण नोंद नसेल, तर तेच पोते पुढचे आठ दिवस पुरवून वापरले जाते.

मग वही सर्वत्र का दिसत नाही? दहा लिटर देणाऱ्या गायीचे सात दिवसांचे दूध म्हणजे सत्तर लिटर. लिटरला तीस रुपये धरले, तरी एकवीसशे रुपये ओतून द्यायचे आणि वर औषधाचा खर्च. संकलन केंद्रावर दर ठरतो तो प्रामुख्याने स्निग्धांश व इतर घनपदार्थांवर. वहीला वेगळे पैसे मिळत नाहीत. शिवाय अनेकांचे दूध एका शीतटाकीत एकत्र झाले, की प्रामाणिक आणि निष्काळजी यांतला फरकही त्यात बुडून जातो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शेतकरी व शेतावरील उत्पादन यांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. लहान शेतकऱ्यामागे निरीक्षकांचा ससेमिरा नको, हे योग्यच. पण त्यामुळे वहीची जबाबदारी येते ती दूध विकत घेणाऱ्या संघांवर आणि डेअऱ्यांवर. उपचार चालू असल्याचे आपणहून सांगणाऱ्या उत्पादकाला त्या आठवड्याच्या नुकसानीचा काही भाग जरी त्यांनी दिला, तरी ते दूध टाकीत येणार नाही. एका गायीचे दूध भरपाई देऊन बाजूला ठेवणे, अख्खी टाकी ओतून देण्यापेक्षा स्वस्तच पडते.