हिशेबाची अमानत आणि संगणक
आपले बरेच दुकानदार बांधव आता संगणकावर बिल करतात. बिल होताना दर, वजन, बेरीज संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये असतात. तिथे घुसलेला प्रोग्राम आकडे वाचतो, बदलूही शकतो. अमेरिकेत २०१३ साली टार्गेट कंपनीच्या दुकानांतील काउंटरांच्या रॅममधून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली.

ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रामची स्मृती वेगळी राखते. पण ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळालेला प्रोग्राम ही भिंत ओलांडतो. म्हणून आम्ही सुचवतो : काउंटरवर साधे खाते द्यावे, चोरीचे सॉफ्टवेअर टाळावे. बेरीज दोन ठिकाणी ठेवून ताडून पाहिली जाते का, हे प्रोग्राम बनवणाऱ्याला विचारावे. रात्री रोकड, माल व बिले जुळवावीत. माप पुरे देण्याची कुरआनची ताकीद संगणकातील आकड्यांनाही लागू आहे.