टाकी हिरवी कोणी केली?

घरातल्या फिशटँकचं पाणी हिरवं झालं की पहिला आरोप येतो तो घरातल्या सगळ्यात धाकट्या माणसावर. "रंगाचा ब्रश बुडवलास ना टाकीत?" मग दुकानदारावर, की त्यानं मासाच वाईट दिला. सगळ्यात शेवटी गोल्डफिशवर. तो बिचारा काचेला नाक लावून तोंडाची उघडझाप करत असतो.

खरं सांगू? गोल्डफिशचा यात थोडा हात आहेच. पण जास्त हात त्याला खायला घालणाऱ्याचा आहे. आता ते कोण, हे तुमचं तुम्हाला माहीत!

आधी हे हिरवं प्रकरण जवळून बघू. ते शेवाळ आहे हे तुम्ही लगेच सांगाल, पण टाकीतलं सगळं शेवाळ एका जातीचं नसतं. काचेवर बोट फिरवलं की मऊ, बुळबुळीत हिरवा थर बोटाला लागतो, तो एक प्रकार. खड्यांना आणि फिल्टरच्या पाइपला धरून पाण्यात डुलणाऱ्या हिरव्या झिपऱ्या, हा दुसरा. शाळेतला सूक्ष्मदर्शक वापरायला मिळाला तर त्या झिपरीतला एक केस काचपट्टीवर ठेवून बघा. तो स्पायरोगायरा निघाला, तर लांबट पेशीच्या आत हिरवी फीत गोल गोल गुंडाळलेली दिसेल. एवढी सुबक, की कोणी मुद्दाम बसून गुंडाळली असावी असं वाटतं. टाकी नवीकोरी असताना मात्र सगळीकडे तपकिरी धूळ बसते. ती धूळ नव्हेच, ते डायाटम. ही मंडळी पाण्यातली सिलिका घेऊन स्वतःभोवती पारदर्शक पेटी बांधतात. काचेच्या टाकीत काचेच्या घरात राहणारे जीव! ते बोटानं सहज पुसले जातात आणि टाकी जुनी होत गेली की बहुतेक वेळा आपोआप कमी होतात. त्यांची काळजी नको.

पाणीच हिरवं झालं, समोरून पलीकडचा मासा दिसेना, तर गोष्ट वेगळी. तिथे काच घासून काही होत नाही, कारण शेवाळ सुट्या सुट्या पेशींच्या रूपात पाण्यात तरंगत असतं. क्लोरेला ही त्यातलीच एक. तिच्या हजार पेशी एका ओळीत उभ्या केल्या तरी रांग जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची भरेल. या पेशी वाढतात त्या एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा. सोयीसाठी धरू की त्या रोज दुप्पट होतात. एका पेशीपासून सुरुवात केली तर २० दिवसांनी किती? वहीत करून बघा, उत्तर १०,४८,५७६ यायला हवं. आणि १९ व्या दिवशी? याच्या निम्म्या. १८ व्या दिवशी पाव. म्हणून तर सगळे म्हणतात, "काल तर पाणी स्वच्छ होतं!" शेवाळ कालही होतं, फक्त दिसण्याइतकं नव्हतं.

ते आलं कुठून, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. माशाबरोबर मिळालेल्या पिशवीतल्या पाण्यातून येतं, पाणवनस्पतीच्या पानावर बसून येतं, हवेतल्या धुळीबरोबरही येतं. त्याला दारातच अडवायचं म्हटलं तर जमणार नाही. त्यापेक्षा त्याला टाकीत खायला काय मिळतं, ते बघू या.

त्यासाठी माशांच्या खाद्याचा एकच दाणा टाका आणि मनानं त्याच्या मागे मागे जा. गोल्डफिश दाणा गट्ट करतो. त्याच्या जबड्यात दात नाहीत. दात आहेत घशात, तिथे दाणा भरडला जातो. पुढे पोट लागायला हवं ना? पण गोल्डफिशला आपल्यासारखं जठरच नसतं! अन्न थेट आतड्यात जातं. (आपले रोहू आणि कटला याच कुळातले, त्यांचंही तसंच.) दाण्यातली प्रथिनं वापरून झाली की उरलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांतून. अमोनिया माशाला विषारी. सुदैवानं फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि तळाच्या खड्यांवर जिवाणू राहतात. एका गटाचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला बरंच कमी त्रासदायक. पण शेतकरी पिकाला जे नायट्रोजनचं खत घालतो, त्यातलाच हा प्रकार! दाण्यात फॉस्फरसही होता, तोही विष्ठेतून पाण्यात उतरला. झालं, शेवाळाच्या शेताला खत पडलं.

आणि जो दाणा माशानं खाल्लाच नाही, तो खड्यांत अडकून कुजतो आणि शेवटी शेवाळाच्या शेतातच पोचतो.

"आजी, बघ ना, तो मागतोय!"

"मागेल नाही तर काय! तूसुद्धा दिवसभर मागतोस. म्हणून मी दर वेळी देते का?"

आजीचं बरोबर आहे. गोल्डफिशला माणूस जवळ आला की खाणं मिळतं हे लवकर कळतं आणि तो काचेपाशी येऊन नाचायला लागतो. दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा, पुरे. गावाला जाताना शेजारच्या काकूंना डबा देऊन जाऊ नका. काकू मायेनं रोज मूठभर घालतात आणि तुम्ही परत येता तेव्हा टाकीत मासा शोधावा लागतो. रोजच्या पुड्या बांधून द्या. दोन-तीन दिवसांचाच प्रश्न असेल तर धडधाकट मोठा गोल्डफिश उपाशीही राहू शकतो.

खत कळलं, आता दुसरी गोष्ट, उजेड. १७७९ च्या उन्हाळ्यात यान इंगेनहूझ नावाच्या डच डॉक्टरांनी इंग्लंडमध्ये बसून सुमारे ५०० प्रयोग केले. पाण्यात बुडवलेल्या हिरव्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात आणि अंधार केला की थांबतात, हे त्यांनी दाखवलं. ते बुडबुडे ऑक्सिजनचे. त्याच सुमारास जोसेफ प्रिस्टले यांना पाण्याच्या बाटल्यांत आपोआप धरलेल्या हिरव्या थरातून असाच वायू निघताना दिसला, आणि हा थर वनस्पती की आणखी काही, या कोड्यात ते पडले. ते शेवाळच होतं! तुमच्या टाकीवर दुपारचं ऊन येत असेल तर काचेवरच्या हिरव्या थराकडे नीट बघा. टाचणीच्या टोकाएवढे चकचकीत बुडबुडे त्याला चिकटलेले दिसतील. रात्री मात्र बुडबुडे नाहीत. अंधारात शेवाळ ऑक्सिजन सोडत नाही; उलट माशासारखंच तेही श्वसन करून पाण्यातला ऑक्सिजन वापरतं. वर उन्हाळा असला तर पंचाईत, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणून दाट हिरव्या पाण्यातला मासा पहाटे पृष्ठभागाशी येऊन हवेसाठी तोंड मारताना दिसला, तर तो खेळत नाहीये. एअर पंप लावा.

मग शेवाळ वाईट की चांगलं? या प्रश्नाशी गोल्डफिशच्याच टाकीत झुंजलेला एक माणूस मला फार आवडतो. रॉबर्ट वॉरिंग्टन, लंडनचे रसायनशास्त्रज्ञ. त्या काळी माशांचं भांडं म्हटलं की पाणी सारखं बदलत बसायचं. पाणी न बदलता मासा जगवता येईल का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी एका मोठ्या काचपात्रात तळाला वाळू आणि माती घातली, वॅलिसनेरिया नावाची लांब पट्टीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली (आपल्याकडच्या नद्या-तळ्यांतही ती असते) आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. वनस्पती ऑक्सिजन देईल, मासा कार्बन डायऑक्साइड देईल, दोघांचं छान जमेल, असा हिशेब. काही काळ जमलंही. मग जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढुळलं, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. वॉरिंग्टन यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून आत सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं खाल्ली, हिरवा थर खाल्ला, आणि वर भरपूर अंडी घातली. ती अंडी आणि पिल्लं माशांनी खाल्ली! पाणी पुन्हा स्वच्छ झालं. १८५० मध्ये त्यांनी हे सगळं लंडनच्या केमिकल सोसायटीला सांगितलं आणि पुढे घराघरांत काचेच्या टाक्या ठेवायची हौस पसरली.

शेवाळाची बाजू घेणारे आणखीही आहेत. जपानमध्ये रांचू जातीचे गोल्डफिश पाळणारे पाणी मुद्दाम हिरवं ठेवतात. त्या पाण्याला ते आओमिझु म्हणतात. गोल्डफिशचा लाल-केशरी रंग ज्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे खुलतो, ती त्याला स्वतःला बनवता येत नाहीत, अन्नातूनच मिळवावी लागतात, आणि शेवाळात ती असतात. तुमच्याकडच्या खाद्याच्या डब्यावर बारीक अक्षरांत 'स्पिरुलिना' लिहिलंय का बघा. ते नील-हरित शैवाल. म्हणजे काचेवरचं फुकटचं शेवाळ आपण घासून फेकतो आणि डब्यातलं विकत आणतो!

तेव्हा माझं मत असं, की शेवाळ मारायच्या भानगडीत पडू नका, त्याची वाढ आवरा. टाकी खिडकीपासून दूर ठेवा. दिवा सहा ते आठ तास, त्याहून जास्त नाही. गोल्डफिशला रात्री अंधारच हवा असतो. आठवड्यातून एकदा पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट बाहेर जाईल. नवं पाणी क्लोरीन घालवणारं अँटिक्लोरीन घालूनच ओता. सगळं पाणी एकदम उपसून, खडे रगडून, स्पंज नळाखाली धुऊन टाकी 'लख्ख' करणारे उत्साही काका प्रत्येक इमारतीत असतात. त्यांना प्रेमानं थांबवा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं स्पंजमधले कामाचे जिवाणू मरतात आणि मग अमोनिया साठतो. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. समोरची काच जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं खरवडा. तारेची घासणी नको, साबण तर नकोच, आणि हात घालण्याआधी मोठ्यांना सांगून सगळे प्लग काढा. मागची काच हिरवी राहू दे. गोल्डफिश ती येता-जाता कुरतडतो आणि शेवाळ पाण्यातला अमोनियाही शोषून घेतं.

पाणीच हिरवं झालं असेल तर टाकी तीन-चार दिवस जाड चादरीनं झाकून ठेवा, एअर पंप चालू ठेवा, खाणं अगदी कमी करा. नंतर थोडं पाणी बदला, कारण मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन खातं.

कोणी मोरचूद घाला म्हणालं तर ऐकू नका. मोरचुदातलं तांबं शेवाळाबरोबर गोगलगायींनाही मारतं आणि माशालाही घातक ठरतं. कोणी "सकर आणा, तो सगळं साफ करतो" म्हणेल. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा काळपट मासा वाढून फूटभराहून मोठा होतो, टाकीत मावत नाही, मग लोक त्याला नदी-तलावात सोडून देतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा पाहुणा भारतातल्या अनेक पाणवठ्यांत पसरलाय आणि तिथल्या माशांना त्रास देतोय. टाकीतला कोणताही मासा कधीही नदीत, विहिरीत, तळ्यात सोडायचा नाही.

आता तुमच्यासाठी काम. पारदर्शक बाटल्या घ्या तीन. पहिलीत टाकीतलं पाणी. दुसरीत तेच पाणी, पण बाटलीला बाहेरून काळा कागद गुंडाळा. तिसरीत पिण्याचं स्वच्छ पाणी आणि त्यात टाकीतल्या पाण्याचे चार-पाच थेंब. झाकणं सैल ठेवा आणि तिन्ही बाटल्या उन्हाच्या खिडकीत ओळीनं मांडा. कोणती आधी हिरवी होईल, कोणती होणारच नाही, तुमचा अंदाज आजच वहीत लिहा, कारणासकट. दोन आठवडे रोज रंग नोंदवा. पावसाळा असेल तर आणखी थोडे दिवस द्या. आणि हो, बाटलीत मासा ठेवायचा नाही!