फवारणीच्या ड्रोनची बॅटरी : भरायची कशी, ठेवायची कुठे?



फवारणीचे ड्रोन आता शिवारात नवलाचे राहिलेले नाही. २०२३ साली केंद्र सरकारने बचत गटांच्या महिलांसाठी नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली, तेव्हापासून आपल्या भगिनीही ते चालवू लागल्या आहेत. उडवायचे कसे हे सगळे मन लावून शिकतात. बॅटरी घरी भरायची कशी, इकडे मात्र म्हणावे तसे लक्ष जात नाही. आणि खरा धोका तिथेच आहे.

आपल्याला सवय पाठीवरच्या बॅटरी पंपाची. संध्याकाळी चार्जर लावला, सकाळी काढला. त्या पंपात बहुतेक वेळा शिसे-आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी असते. ती जड, पण सोशीक. ड्रोनमध्ये असते लिथियम पॉलिमर बॅटरी. बाजारात तिला ‘लायपो’ म्हणतात. ती हलकी आणि जोरकस, पण सोशीक अजिबात नाही. तिच्या सेलला धातूचे कवच नसते, नुसते पातळ पिशवीसारखे वेष्टन असते आणि आतला द्रव पेट घेणारा असतो. म्हणून पंपाचा चार्जर हिला कधीही लावायचा नाही, आणि पंपाची सवयही लावायची नाही.

आता थोडा हिशेब पाहू. लायपोच्या एका सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट. पूर्ण भरल्यावर ४.२, त्याच्या वर एक काटाही नको. खाली ३ व्होल्टच्या आत गेला की सेल आतून खराब होतो. बॅटरीवर ‘६ एस’ असे छापलेले असेल तर आत असे सहा सेल एकामागे एक जोडलेले आहेत, म्हणजे पूर्ण भरल्यावर २५.२ व्होल्ट.

तुम्ही म्हणाल, मीटरवर २५.२ दिसले की झाले! तसे नाही बरं का. सहा घागरी ओळीने ठेवल्या आणि प्रत्येकीत सारखीच धार सोडली, तर जी आतून लहान आहे ती आधी भरून सांडणार. एकूण पाणी मोजणाऱ्याला ते कळणारच नाही. बॅटरीतही तेच. पाच सेल ४.१५ वर आणि सहावा ४.४५ वर, तरी बेरीज २५.२ च येते! तो सहावा सेल आत वायू धरतो, फुगतो, तापतो आणि पेटूही शकतो. उडतानाही तोच दुबळा सेल सगळ्यांआधी रिकामा होतो.

यासाठी बॅटरीला जाड तारांखेरीज एक लहान पांढरा प्लग असतो, सहा सेलला सात बारीक तारांचा. चार्जरला दोन्ही जोडायचे आणि ‘बॅलन्स चार्ज’ निवडायचे. मग चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजतो आणि पुढे गेलेल्याला थोपवून बाकीच्यांना बरोबरीला आणतो. याला वेळ लागतो, लागू द्या. हंगामाच्या घाईत पांढरा प्लग न लावता भरणारे आहेत. ते मला मुळीच पसंत नाही. काही बॅटऱ्यांत ही सोय आतच बसवलेली असते. त्यांना कंपनीचाच चार्जर लावावा.

चार्जरवर सेलची संख्या बरोबर लावली ना, हे दर वेळी पाहा. करंट किती? १६,००० एमएएच म्हणजे १६ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर १६ अँपिअर. त्याहून कमी चालेल, जास्त नको. बांधावर जनरेटरवर भरणार असाल तर अशा एका बॅटरीला ४०० वॅटच्या वर ताकद लागते, दोन असतील तर दुप्पट. जनरेटर त्याला पुरून उरणारा हवा. उतरलेल्या ड्रोनची बॅटरी गरम असते. ती सावलीत ठेवून हाताला गार लागेपर्यंत थांबा, मगच चार्जर लावा. टाकीत औषध उरले म्हणून बॅटरी संपत आली असताना आणखी एक फेरी मारू नये.

जागेचे काय? आपल्याकडे शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते. बॅटरी लावून निजायचा मोह होतो. तो टाळा. जागे असाल, समोर असाल तेव्हाच भरा. घरात कापूस भरलेला आहे, ओसरीला बारदान पडले आहे, गोठ्यात कडबा आहे, अशा ठिकाणी तर नकोच नको. पत्र्याच्या शेडखाली, फरशीवर किंवा विटांवर, चार हात मोकळी जागा सोडून भरावी. शेजारी कोरड्या वाळूच्या दोन बादल्या ठेवाव्यात. पाट-खाटेवर ठेवू नये, लेकरांना जवळ येऊ देऊ नये.

बॅटरी फुगली, गोडसर उग्र वास आला किंवा हाताला चटका बसू लागला, तर मुख्य स्विच बंद करा आणि दूर व्हा. फुगवटा टोचून हवा काढायचा उद्योग करू नका. पेट घेतलाच तर धुरात थांबू नका. तो विषारी असतो. वीज तोडल्याची खात्री करून लांबून वाळू टाका, म्हणजे आग पसरत नाही. पण वाळूखाली बॅटरी धुमसत राहते, म्हणून लांबूनच भरपूर पाणी मारून ती गार करा. अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.

हंगाम संपला की बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये आणि रिकामीही ठेवू नये. चार्जरवर ‘स्टोरेज’ अशी सोय असते, ती प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर आणून ठेवते. अशी बॅटरी थंड, कोरड्या जागी ठेवावी, कीटकनाशकांच्या खोलीत नव्हे. महिन्यातून एकदा प्रत्येक सेल मोजावा. इतरांपेक्षा एखादा सेल दर वेळी मागे पडत असेल तर ती बॅटरी उडवण्याच्या कामातून काढा. बाद झालेली बॅटरी उकिरड्यावर किंवा भंगारवाल्याकडे टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. विक्रेत्याकडे तशी मागणी करा.