कोठीचं झाकण

सकाळी 6. लाइट आहे तोवर टॅबलेट चार्जिंगला लावतो. केनवड गावात बसून कार्टून काढतो म्हटलं की शहरातल्यांना नवल वाटतं. आई एवढंच विचारते, "पैशे कधी देतीन ते?"

काम पुण्यातल्या एका संस्थेचं आहे: पाचवी ते सातवीच्या पोरांना बचत, बँक, यूपीआय समजावणारं पात्र. रिझर्व्ह बँकेच्या चित्रपुस्तकांत राजू आहे, मनी कुमार आहे. आम्हाला मात्र माणूस नको, वस्तू हवी. शाळेच्या भिंतीवर सहा फुटी, वहीच्या कोपऱ्यात इंचभर, दोन्हीकडे ओळखू आली पाहिजे.

8 वाजता चित्रात नुसता काळा रंग भरून बघतो. सावली ओळखू येत नसेल तर डोळे कितीही गोड काढा, फुकट. संस्थेने पिगी बँक सुचवली होती. शेजारच्या पोरांनी ती एका वाक्यात निकालात काढली: "हे तं डुक्कर हाय, याले पैशे कायले चारता?" म्हणून आता मातीचा गल्ला. फट म्हणजे तोंड, बुडाला पाय. झकास जमलाय, असं मला वाटतं.

11 ते 2 एकच चौकट. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कोणी मागितला तर तो फसवतोय. गल्ला तोंडावर हात ठेवून गप्प राहतो. मग लाइट जाते.

5 वाजता शाळा सुटून पोरं ओट्यावर.

"याचा दात दुखते का दादा?"

तोंडावरचा हात गेला. पुढचा घाव पाचवीतल्या पोरीचा. "पैशे काढाले याले फोडा लागंन ना?"

"हो."

"मंग दुसऱ्या पानावर हा कुठून येते?"

उत्तर नव्हतं. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. म्हणजे ठेवायचं तसं काढायचंही शिकवायला हवं, आणि मी फुटणारं भांडं घेऊन बसलो होतो.

8 वाजता आईने दळणाचे गहू काढायला सांगितलं. पत्र्याची कोठी. वरून भरायची, खालच्या छोट्या दारातून लागेल तेवढं काढायचं. डबा भरून वाहायला लागला तरी मी त्या दाराकडेच बघत होतो.

10 वाजता कोठीला हातपाय फुटले. वरचं झाकण टोपी झालं, पोटावर दार. आई चष्मा लावून वाकली.

"दार वरती सरकते रे. तू खाली सरकवलं. सारे गहू सांडतीन."