अनुदान आणि बोलींचा अभ्यास

विद्यापीठीय संशोधनाला सरकारी अनुदानाने काय लाभते, हे बोलींच्या अभ्यासात स्पष्ट दिसते. डॉ. अमृत माधव घाटगे यांची बोली-सर्वेक्षणमाला राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६३ पासून प्रसिद्ध केली. ठाण्याच्या वारलीचा खंड (१९६९) तीतलाच. असा ग्रंथ कोणी व्यापारी प्रकाशक काढता ना! परंतु अनुदान मुदतीचे असते, आणि प्रश्नही त्या मुदतीच्या मापाने बेतला जातो. दिव्यात आगरी बोलणारे आजोबा आणि लोकलने महाविद्यालयात जाणारा नातू यांच्या उच्चारांतील अंतर टिपावयाचे, तर त्याच घरी दहा-वीस वर्षांनी पुन्हा गेले पाहिजे. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पात ते बसत नाही. माझ्या मते, बोलीच्या परिवर्तनाचा विषय अर्ज लिहितानाच गळतो. शब्दसंग्रह तेवढा उरतो.