पेपरात छापून आले म्हणजे खरे का?

आमच्या गावी रोज सकाळी पारावर पेपर वाचला जातो. हेडमास्तर म्हणून नोकरीतून मोकळे झालो, तेव्हापासून हे काम आमच्याकडे आले. आम्ही वाचायचे आणि आठ-दहा जणांनी ऐकायचे, अशी रीत पडली. आता प्रौढ वर्गात शिकलेली तुमच्यासारखी माणसे आपली आपणच मथळे वाचतात, आणि आम्ही नुसते चष्मा पुसत बसतो. याचा आम्हांला आनंदच आहे.

पण मागे एकदा निवडणूक जवळ आली होती, तेव्हाची गोष्ट सांगतो. पेपरात एका उमेदवाराचा मोठा फोटो आला होता. खाली अर्धे पान मजकूर. गावोगाव कसे स्वागत झाले, विरोधक कसे घाबरले, विजय कसा नक्की आहे, असे सारे त्यात होते. आमच्या शेजारच्या आबांनी ते बोट ठेवून वाचले. सारे पान वाचायला त्यांना पाऊण तास लागला. मग म्हणाले, "गुरुजी, ठरलं बघा. ह्योच येनार निवडून."

"कशावरून, आबा?"

"म्हंजे? पेपरात छापून आलंय की."

"पण हे लिहिलं कुणी?"

"पेपरवाल्यानं. आन् कोन लिहिनार?"

आबा साठीत अक्षरे शिकले. कष्टाने वाचलेल्या शब्दावर माणसाचा विश्वास जास्त बसतो. त्यात आबांची चूक नाही. पण आबांनी विचारला नाही तो प्रश्न आपण विचारू. पेपरात छापलेला सगळा मजकूर पेपरवालाच लिहितो का? आणि त्याचे पैसे कोण देतो?

निवडणुकीत प्रचार हा व्हायचाच. आमचे वडील १९५२ सालच्या पहिल्या निवडणुकीच्या गोष्टी सांगत. तेव्हा आपला मुलूख हैदराबाद राज्यात होता. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. बैलगाडीतून, सायकलवरून कार्यकर्ते येत. पुढे भोंगा लावलेल्या जीपगाड्या आल्या, भिंती रंगल्या, टोप्या आणि बिल्ले आले. या प्रचारात एक गोष्ट बरी होती. भोंगा कोणाचा ते लहान पोरालाही कळे. जीपवर झेंडा असे. तो माणूस आपल्याच मालाची तारीफ करणार, हे धरूनच लोक ऐकत.

जाहिरातीचेही तसेच आहे. आपला जालना जिल्हा बियाण्यांसाठी देशभर ओळखला जातो. सरकीच्या पाकिटावर बोंडांनी लगडलेले झाड छापलेले असते. ते चित्र बघून कोणी शहाणा शेतकरी पेरणी करत नाही. तो शेजाऱ्याच्या रानात जातो आणि विचारतो, "काय दादा, गेल्या साली एकरी किती निघालं?" चित्र ही जाहिरात, आणि शेजाऱ्याचे उत्तर ही बातमी. पेपरात दोन्ही असतात. जाहिरात असेल तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'जाहिरात' असे छापतात. त्यात लपवाछपवी नाही. पेपर चालायला पैसा लागतो आणि तो बराचसा जाहिरातींतूनच येतो.

घोटाळा होतो तो जाहिरात बातमीचे कपडे घालून येते तेव्हा. समजा, शेजाऱ्याने बियाणेवाल्याकडून गुपचूप पैसे घेतले आणि तुम्हाला सांगितले, "लई झकास बी आहे." आता तुमची फसगत दुप्पट झाली, कारण तुम्ही सावध राहिला नव्हता. निवडणुकीत अशा छापण्याला 'पेड न्यूज' म्हणतात. म्हणजे विकत घेतलेली बातमी. तिचा धंदा पॅकेजवर चालतो. इतक्या रकमेत इतक्या बातम्या, इतके फोटो, एक मुलाखत, असा सौदा ठरतो. ज्याच्यापाशी रक्कम नाही, तो उमेदवार सभा घेऊन घसा कोरडा करो, पेपरात त्याचे नावही येत नाही. आमच्या मते ही दुसरी गोष्ट जास्त वाईट. खोटी स्तुती एखादे वेळी ओळखू येते. पण जे छापलेच नाही, ते ओळखायचे कसे?

याचे गाजलेले प्रकरण आपल्या मराठवाड्यातच घडले. ऑक्टोबर २००९ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. त्या वेळी अशोक चव्हाण मुख्यमंत्री होते आणि नांदेड जिल्ह्यातल्या भोकर मतदारसंघातून उभे होते. प्रचाराच्या दिवसांत मोठ्या मराठी वर्तमानपत्रांत त्यांच्यावर पानेच्या पाने स्तुतीचा मजकूर आला. त्यावर 'जाहिरात' असा शब्द नव्हता. पी. साईनाथ हे शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर लिहिणारे नामवंत पत्रकार. त्यांनी ही पाने शेजारी शेजारी ठेवून पाहिली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन पेपरांत एक लेख शब्दाला शब्द तोच निघाला. आम्ही चाळीस मुलांच्या वह्या तपासत असू. दोन वह्यांत एकच चूक एकाच जागी दिसली की मास्तराने काय समजायचे, ते तुम्हीच सांगा. साईनाथ यांनी हे सारे 'द हिंदू' या इंग्रजी पेपरात लिहिले.

आता हिशेब पाहा. त्या वेळी विधानसभेच्या उमेदवाराला दहा लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा होती. चव्हाण यांनी दिलेल्या हिशेबात वर्तमानपत्रांतील जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. त्यांच्या विरुद्ध उभे राहिलेले माधवराव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. चव्हाण यांचे म्हणणे असे की, त्या मजकुरासाठी आपण पैसे दिले नाहीत. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०१४ मध्ये त्या न्यायालयाने सांगितले की, असा हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे. जुलैमध्ये आयोगाने हिशेब नीट दिला नाही असा निर्णय दिला. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. पाच वर्षे गेली. तोवर विधानसभेची मुदतही सरत आली होती!

उत्तर प्रदेशात मात्र निकाल वेगळा लागला. तिथल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांनी २००७ च्या निवडणुकीत अशा बातम्यांचा खर्च दाखवला नाही, म्हणून २०११ साली आयोगाने त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. तुम्ही विचाराल, हिशेबाच्याच वाटेने का जायचे? कारण पैसे देऊन बातमी छापणे हा निवडणूक कायद्यात अजून वेगळा गुन्हा नाही. तो करावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ साली केलेली आहे.

वर्तमानपत्रांवर देखरेख ठेवणारी प्रेस कौन्सिल नावाची संस्था आहे. तिने या धंद्याची चौकशी करायला दोन पत्रकार नेमले. त्यांनी पेपरांची नावे घालून अहवाल लिहिला. पण कौन्सिलने २०१० साली नावे गाळून छोटाच अहवाल काढला. पुरा अहवाल लोकांपुढे यायला २०११ साल उजाडले, तेही माहिती आयोगाने हुकूम केल्यावर.

म्हणून सगळेच पेपर लबाड, असे कोणी समजू नये. हा धंदा उघडकीस आणला तो पत्रकारांनीच. १९७५ साली आणीबाणी आली, छापण्यापूर्वी बातम्या सरकारला दाखवाव्या लागू लागल्या. त्या काळात 'मराठवाडा' पत्राचे संपादक अनंत भालेराव यांनी तुरुंगवास सोसला. त्यांचा पेपर आपल्याच भागातला. असे संपादक होते म्हणून तर छापील शब्दाला किंमत आली, आणि त्याच किमतीवर आज कोणी व्यापार करतो.

तर मग वाचायचे कसे? आम्ही पारावर एक सवय लावली आहे. निवडणुकीच्या दिवसांत दोन पेपर घ्यायचे. एकाचे पैसे आम्ही देतो, दुसऱ्याचे बाकीचे मिळून देतात. मग दोन्हींत तोच मजकूर आहे का ते बघायचे. त्यात नुसतीच स्तुती आहे, की रस्त्याची, पाण्याची, पीकविम्याची काही विचारपूसही आहे? पत्रक हाती आले तर खालच्या ओळीत छापणाऱ्याचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता शोधायचा. तो कायद्याने असावाच लागतो. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. शंका आली तर कलेक्टर कचेरीत पेपर तपासणारी समिती असते, तिच्याकडे अर्ज करता येतो. १९५० या नंबरावर फोनही करता येतो. मोबाईलवर येणाऱ्या मजकुराची गत आणखी कठीण आहे. त्यावर छापणाऱ्याचे नाव सहसा नसते. पाठवणारा आपलाच भाचा असतो, म्हणून आपल्याला ते खरे वाटते.

एवढी उठाठेव कशाला, असे एकाने विचारले. आम्ही त्याला जालन्याचेच उदाहरण दिले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांना हरवले. फरक होता २९६ मतांचा. एवढी माणसे तर एका लग्नाच्या पंगतीत जेवतात.

आबांचे काय झाले, ते राहिलेच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरची आजीबाई पाराजवळून पाणी घेऊन चालली होती. तिला अक्षर येत नाही. आबा अजून तोच पेपर धरून होते. ती थांबली आणि म्हणाली, "अवो, उभे तर सात जन हायेत म्हंता ना? मंग बाकी सहा जनांचं काय लिवलंय त्यात?"

आबांनी पान उलटले, परत उलटले. मग आमच्याकडे पेपर देऊन म्हणाले, "गुरुजी, तुमीच बघा बरं." आम्ही चष्मा लावला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिले. बाकीच्या सहांपैकी एकाचेही नाव नव्हते.